बोट कोणाकडे? : भरतीची जुनी पोस्टर्स वाचताना

पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, टोपीच्या पट्टीवर तारा आणि बोट सरळ आपल्यावर रोखलेलं. हा म्हातारा तुम्ही टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, नाहीतर एखाद्या सीनियरच्या रूममध्ये नक्कीच पाहिला असेल. त्याचं नाव अंकल सॅम. यंदा गॅदरिंगमध्ये आमच्या ग्रुपने जुन्या पोस्टर्सच्या प्रिंट विकायचा स्टॉल टाकला होता, तेव्हा सगळ्यात आधी हाच संपला. दुसरा नंबर झुबकेदार मिशीवाल्या लॉर्ड किचनेरचा. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे दोघं कोण ते माहीत नव्हतं. "भारी दिसतो ना!" एवढं कारण पुरेसं होतं. आणि ते खरंही आहे, चित्रं भारीच आहेत.

पण ही चित्रं म्हणून काढलेलीच नव्हती. या जाहिराती होत्या, आणि विकायचा माल होता लढाई. स्टॉलच्या निमित्ताने मी जे वाचलं आणि पाहिलं ते इथे मांडते. (मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, मराठीत एवढा मोठा लेख पहिल्यांदाच लिहिते आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

आधी किचनेर, कारण तो थोरला. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा ब्रिटनमध्ये सक्तीची भरती नव्हती. लोकांनी आपणहून यायला हवं होतं, म्हणजे त्यांचं मन वळवायला हवं होतं. ५ सप्टेंबर १९१४ च्या 'लंडन ओपिनियन' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी आल्फ्रेड लीट या चित्रकाराने युद्धमंत्री किचनेरचं रोखलेलं बोट काढलं. ते मुखपृष्ठ लोकांना इतकं आवडलं की त्याचं पोस्टर झालं. गंमत म्हणजे, त्या काळात भिंतींवर हे चित्र आपल्याला वाटतं तेवढं सर्रास दिसत नव्हतं, असं आता काही अभ्यासक पुराव्यानिशी म्हणतात. सरकारी समितीची जास्त मजकुराची, रटाळ पोस्टर्स जास्त लागली होती. म्हणजे या चित्राची खरी कीर्ती युद्ध संपल्यावरची. जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनने सक्तीच्या भरतीचा कायदा केला आणि मन वळवायची गरजच संपली. त्याच वर्षी जूनमध्ये किचनेर जहाजासकट बुडून मेला.

अंकल सॅम त्याचा अमेरिकन धाकटा भाऊ. जेम्स माँटगोमेरी फ्लॅगने तो आधी ६ जुलै १९१६ च्या 'लेस्लीज' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी काढला. पुढच्या वर्षी अमेरिका युद्धात उतरली आणि तेच चित्र 'आय वाँट यू' झालं. दोन वर्षांत चाळीस लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या. मॉडेल कोण? फ्लॅग स्वतः! आरशात बघून स्वतःचाच चेहरा काढला आणि दाढी, सुरकुत्या वरून घातल्या.

आता जरा आपल्या अभ्यासाचा भाग. खोलीत कुठेही उभे राहा, बोट आपल्याकडेच येतं. हे कसं? फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवा. खरा माणूस समोर उभा असेल आणि आपण चार पावलं बाजूला सरकलो तर त्याचा कान दिसू लागतो, बोटाची बाजू दिसू लागते, आणि त्यावरून आपल्याला कळतं की बोट आपल्याकडे नाही. कागदाला बाजू नसते. चित्रात बोटाची लांबी पूर्ण लपवलेली आहे, फक्त टोक आणि त्यामागे मूठ. तुम्ही कुठूनही बघा, तेच टोक दिसणार. मग मेंदू म्हणतो, मी हललो तरी दृश्य तेच, म्हणजे तोच माझ्याकडे वळला. एकाच दिशेला बघणारं चित्र अख्ख्या गर्दीतल्या प्रत्येकाला "तूच रे" म्हणतं. एवढी स्वस्त आणि एवढी अचूक युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

ही पोस्टर्स छापली जायची बहुधा लिथोग्राफीने. १७९६ च्या सुमाराला जर्मनीत आलोइस झेनेफेल्डरने हे तंत्र शोधलं. तत्त्व आपल्या आजीलाही माहीत असलेलं: तेल आणि पाणी एकत्र येत नाही. चुनखडीच्या गुळगुळीत लादीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, लादी ओली करायची आणि तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त खडूच्या जागी बसते. प्रत्येक रंगाला वेगळी लादी आणि सगळ्या लाद्या एकमेकींवर बिनचूक जुळवायच्या. पुढे लादीच्या जागी जस्ताचे पत्रे आले. महाराष्ट्राला हे तंत्र नवीन नव्हतं. पुण्याच्या चित्रशाळेत १८७८ पासून आणि रविवर्मा प्रेसमध्ये १८९४ पासून, आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला, देवादिकांची रंगीत चित्रं निघत होती. ती चित्रं छापखान्यातून थेट देवघरात गेली आणि लोकांनी त्यांना हळदीकुंकू वाहिलं. भरतीची पोस्टर्स मात्र रस्त्यावरच्या भिंतीतून दिवाणखान्यात आली. कागद तोच, शाई तीच, पण कुठे टांगतो त्यावर काय काय ठरतं बघा.

तुमच्याकडची प्रिंट कशी छापली आहे हे बघायचं असेल तर मायनिंगच्या मित्राकडून दगड बघायची दहा पटीची लेन्स मागून घ्या. अंकल सॅमच्या गालावर लेन्स धरा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारखे मांडलेले दिसले तर ती अलीकडची, फोटोवरून केलेली ऑफसेट छपाई. ठिपके न दिसता रवाळ, खडूने घासल्यासारखा पोत आणि सलग रंग दिसला तर सांभाळून हाताळा, प्रकरण जुनं असू शकतं. आमच्या स्टॉलवरच्या प्रिंट अर्थातच डिजिटल प्रेसच्या होत्या, बारा बाय अठरा इंच. त्यासाठी ३०० डीपीआयने ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे जवळजवळ दोन कोटी. गूगलवरून ८०० गुणिले १२०० ची इमेज उचलली तर इंचाला ६६-६७ पिक्सेलच मिळतात आणि किचनेरच्या मिशीची पायरी होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने फ्लॅगच्या पोस्टरची मोठी फाइल फुकट ठेवली आहे, आणि १९१७ चं असल्यामुळे तिथे त्यावर आता कोणाचा कॉपीराइटही नाही.

कागदाबद्दल आपल्या जिल्ह्यात बोलायलाच हवं, बल्लारपूरच्या पेपर मिलच्या सावलीत राहतो आपण. इथल्या जंगलातल्या बांबूचा लगदा होऊन देशभर वह्या झाल्या. लगद्यातलं लिग्निन काढून टाकलं नाही तर कागद उन्हाने पिवळा आणि ठिसूळ होतो. भरतीची पोस्टर्स स्वस्त कागदावर होती, कारण ती चार आठवडे टिकली तरी काम भागत होतं. ती शंभर वर्षं टिकतील असं कोणाच्या मनातही नव्हतं. म्हणून मूळ प्रती आता कापडावर चिकटवून, मंद उजेडात ठेवतात. आपल्या होस्टेलच्या पश्चिमेच्या भिंतीवर, चंद्रपूरच्या मे महिन्यात, कोणतीही प्रिंट दोन उन्हाळे काढेल असं मला वाटत नाही. (आणि डबल टेप लावू नका. भिंतीचा रंग निघतो, मग वॉर्डन मॅडमची दंडाची पावती निघते.)

आता मापाची एक गोष्ट, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे. ब्रिटिश पोस्टरचं नेहमीचं माप वीस बाय तीस इंच, म्हणजे प्रमाण दोनास तीन. आपलं बारा बाय अठराही दोनास तीन. किचनेर बरोबर बसतो. अंकल सॅम साधारण तीस बाय चाळीस, म्हणजे तीनास चार. तो बारा इंच रुंदीत बसवला की उंची सोळाच होते आणि दोन इंच पांढरी पट्टी उरते. प्रिंटवाले दादा म्हणाले, खालचं थोडं कापू, चित्र मोठं करू, मस्त भरेल. खालचं म्हणजे काय? मूळ पोस्टरमध्ये मोठ्या अक्षरांच्या खाली एक ओळ आहे, 'जवळचं भरती केंद्र', आणि त्यापाशी एक कोरी चौकट. चाळीस लाख प्रती एकसारख्या छापायच्या आणि प्रत्येक गावाने त्या चौकटीत आपापला पत्ता घालायचा. इंजिनिअरिंगच्या भाषेत, सगळं मशीन चित्रातल्या म्हाताऱ्यात नाही, या चौकटीत आहे. बोट तुम्हाला जागेवर थांबवतं आणि चौकट तुम्हाला चालायला लावते. बाजारात मिळणाऱ्या कित्येक प्रिंटमध्ये ही ओळ नसतेच. आम्ही पांढरी पट्टी राहू दिली आणि चौकट ठेवली.

स्टॉलच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मेसच्या काकूंचा पुतण्या आला होता. चामोर्शीकडचा, बारावी झालेला, पोलीस भरतीची तयारी करणारा. सगळी पोस्टर्स नीट बघत आला आणि अंकल सॅमपाशी थांबला.

"कोनती भरती होय जी ताई ही?"

मी सांगितलं, अमेरिकेची, शंभर वर्षांपूर्वीची. त्याने खाली वाकून बघितलं. "पत्त्याची जागा तं कोरीच आहे ना."

दोन दिवसांत दीडेकशे लोक येऊन गेले. प्रोफेसर आले, सेक्रेटरी आला, फोटो काढून गेले. ती चौकट त्या एकट्याला दिसली. कारण तो एकटाच ते पोस्टर ज्या कामासाठी केलं होतं त्या कामासाठी वाचत होता. आपल्याला ते चित्र आहे. त्याच्यासाठी भरती ही अजून खरी गोष्ट आहे: पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरची धाव, मुलींना आठशे, मग शंभर मीटर, मग गोळाफेक. गडचिरोली रोडने पहाटेच्या बसने गेलेल्या कोणालाही ही पोरंपोरी दिसली असतील.

आपल्याकडे अशी पोस्टर्स होती का? होती. पहिल्या महायुद्धात भारतातून तेरा लाखांवर माणसं गेली आणि सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये त्या वेळची हिंदुस्थानातली पोस्टर्स जपून ठेवली आहेत. एकात फक्त वस्तू आहेत, गणवेश, बंदूक आणि पैसे, आणि विचारलंय की हे कोण घेणार. रोखलेलं बोट नाही, देशाचं नाव घेणारा म्हातारा नाही, सरळ व्यवहार. मला हे पोस्टर किचनेरपेक्षा प्रामाणिक वाटतं. शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला अकरा रुपये होता. शिवाय १९११ च्या जनगणनेत साक्षर होते शंभरात सहा, त्यामुळे अक्षरांपेक्षा वस्तूच बोलणार. आणि खरं सांगायचं तर खेड्यात भरती कागदाने झालीच नाही. ती पाटलाने केली, पेन्शनवर आलेल्या सुभेदाराने केली, दुष्काळाने केली.

इथे किचनेर पुन्हा भेटतो. हाच माणूस १९०२ ते १९०९ भारतातल्या सैन्याचा सरसेनापती होता. त्याने पलटणींना नवीन क्रमांक दिले, म्हणून मराठा पलटणींचे आकडे १०३, ११०, ११७ असे झाले. सहाव्या पुणे डिव्हिजनमधून या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या आणि कुत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. घोड्याचं मांस खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैदेत किती जण मेले त्याला सुमार नाही. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत एक छोटी संगमरवरी पाटी असते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच इंग्रजीत, पुढे १९१४-१९१९. नावं नाहीत, नुसते आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले त्या युद्धात ४६ जण गेले. पोस्टरची चौकट एका टोकाला आणि ही पाटी दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे मोकळी जागा ठेवून आकडा किंवा पत्ता तेवढा भरायचा.

आता त्या 'यू' कडे येऊ. 'आय वाँट यू' मधला 'यू' म्हणजे कोण? चित्र म्हणतं, बघणारा प्रत्येक जण. पण असं कधीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढाऊ जाती' असं खूळ डोक्यात घेतलं आणि ज्या महार शिपायांनी मुंबईच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली त्यांची भरती बंद केली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त हवालदारांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून विनंतीपत्र लिहिलं. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. विचार करा, एकीकडे सरकार बोट दाखवून "तू हवास" म्हणणार होतं आणि इकडे माणसं स्वतःहून "आम्हालाही हवं म्हणा" असे अर्ज करत होती. कारण ती नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता. पलटणीत शाळा होती, गणवेश होता, गावकीच्या कामातून सुटका होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. पण त्या एका शब्दात त्या घराची पुस्तकं आणि शाळा आहे.

मग युद्धात माणसं कमी पडली. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये, गरज संपल्यावर, मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं कमी पडली आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. ती मात्र टिकली, आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. बंद करायला एक हुकूम पुरला, उघडायला दोन महायुद्धं लागली. या गोष्टीचं पोस्टर कोणी काढलं नाही, म्हणून त्याची प्रिंटही मिळत नाही.

मुलगी म्हणून मी आणखी एक पोस्टर बघितलं, १९१७ चं, हॉवर्ड चँडलर ख्रिस्टीचं. एक हसरी मुलगी नौदलाच्या गणवेशात म्हणते की मी पुरुष असते तर नौदलात गेले असते. पुरुषांना लाजवण्यासाठी काढलेलं. आणि त्याच वर्षी मार्चपासून अमेरिकन नौदल कारकुनी कामासाठी बायकांना भरती करतही होतं! म्हणजे पोस्टरमधली मुलगी नुसती इच्छा करत होती आणि खऱ्या मुली रांगेत होत्या. स्टॉलवर हे पोस्टर मुलांनी सर्वांत जास्त घेतलं, आता काय बोलणार. आपल्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

आजची भरतीची पोस्टर्स कुठे आहेत म्हणाल तर गांधी चौकातून चालत जा. अकॅडमीचे फ्लेक्स. सॅल्यूट करणारा जवान, मागे तिरंगा, वर हेलिकॉप्टर, खाली निवड झालेल्यांचे पासपोर्ट फोटो ओळीने आणि मोबाइल नंबर. इथे चौकट कोरी नसते, दोन-दोन नंबर असतात. भरती झाली की हेच फ्लेक्स ताडपत्री म्हणून धानाच्या पुंजण्यावर जातात आणि पावसाळा काढतात. फ्रेम कोणी करत नाही. पण शंभर वर्षांनी एखाद्या म्युझियमला यातला एक तरी हवा असेल, असं मला वाटतं.

आणि गडचिरोलीच्या बाजूला कागदाचा आणखी एक इतिहास आहे, तो सांगताना मी आवाज कमी करते. तिथे अनेक वर्षं झाडाला बांधलेलं लाल कापडी बॅनर आणि पोलिसांचं आत्मसमर्पणाचं पत्रक एकाच रस्त्यावर दिसायचं. दोघांनाही तीच वीस वर्षांची मुलं हवी होती. पोलिसांचं सी-६० हे पथक १९९० मध्ये सुरू झालं, त्यातही त्याच गावांतली मुलं. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याला स्फोटात पंधरा जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. आमच्या वर्गातल्या एका मुलीने, जिचं गाव त्या पट्ट्यात आहे, आमच्या स्टॉलवरून एकही प्रिंट घेतली नाही. कारण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या गॅदरिंगला स्टॉल पुन्हा लावणार आहोत. या वेळी प्रत्येक प्रिंटच्या मागे एक चिठ्ठी असेल: चित्रकार, वर्ष, कोणी छापवून घेतलं, मूळ माप किती, आणि हे बोट त्या वेळी कोणाकडे नव्हतं. तीन ओळींत बसतं, किंमत तेवढीच राहील.

एक विनंती. आपल्या होस्टेलमध्ये सातारा, सांगली, कोकणातली बरीच मंडळी आहेत. दिवाळीत घरी जाल तेव्हा गावच्या शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत ती संगमरवरी पाटी आहे का बघा. असली तर फोटो काढा आणि दोन्ही आकडे, किती गेले आणि किती परत आले नाहीत, नीट उतरवून आणा. चुना लागलेला असेल तर ओल्या फडक्याने हळूच पुसा, खरवडू नका. गावातल्या म्हाताऱ्यांना त्यातली नावं आठवत असतील तर तीही लिहून आणा. मराठी विभागाच्या पेटीत टाका, पुढच्या अंकात सगळी एकत्र छापू.